गुडघ्यावरची फुली

मोडेन पण वाकणार नाही, असं मी लोकांना आयुष्यभर ऐकवलं. उजव्या गुडघ्याने ते फारच मनावर घेतलं.

तीस वर्षं मी फरशा बसवतोय. आता कामं माझी लेक घेते. तिनेच फर्मान काढलं, "बाबा, उपचाराच्या चार फेऱ्या करा. फरक पडला नाही तर यापुढे खुर्चीवर बसून नुसती देखरेख करायची." खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या फरशीला नावं ठेवायला मी काय घरमालक आहे?

उपचार शॉकवेव्हचा. मला वाटलं, विजेचा झटका देतात. फिजिओबाई हसल्या. "वीज नाही काका, नुसते ठोके. झीज भरून येणार नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. दुखरी जागा आली की सांगा, म्हणजे मला तिथे थांबता येईल."

गुडघ्याला गार जेल चोपडून त्यांनी यंत्राचं टोक टेकवलं. टकटकटक. एका जागी डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दुखतंय?"

"छे."

लेकीच्या वयाच्या बाईसमोर कण्हायचं होय? मी दात आवळून छताकडे बघत राहिलो आणि त्या बिचाऱ्या टोक पुढे सरकवत राहिल्या. दोन फेऱ्या अशाच गेल्या. दोन्ही वेळा जिना कठडा धरूनच उतरलो.

तिसऱ्या खेपेला बाई वैतागल्या. "कुठेच दुखत नाही, तर येता कशाला?" असं म्हणत त्यांनी बोटं वाकवून माझ्या गुडघ्याची वाटी ठोकून बघितली.

अहो, हे तर माझं काम. बसवलेली प्रत्येक फरशी मी अशीच ठोकतो. खाली पोकळ राहिलेली डबडब वाजते. तिच्यावर पेन्सिलने फुली मारायची, ती उखडायची आणि नीट बसवायची. पोकळ असून गप्प राहणारी फरशी भेटली असती, तर मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. स्वतःचा असा राग आला मला.

जेल लावायच्या आधीच कानावरची पेन्सिल काढली. गुडघा दाबत गेलो आणि आतल्या बाजूला जीव कळवळला तिथे फुली मारली. जरा खाली आणखी एक. "इथे. आणि इथे. मरणाचं दुखतं."

या वेळी मी इतका बोंबललो, की बाहेर बसलेली लेक दार ढकलून आत आली. "चालू द्या," मी बाईंना म्हणालो.

चौथी फेरी झाली. महिन्याभराने जिना कठड्याविना उतरलो. तरी नव्या कामावर लेकीने खुर्ची आणून ठेवलीच. मी ती पुसली, तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली, खाली जाड गादी घेतली आणि गुडघा टेकला. कळ आली, पण पूर्वीच्या निम्मीसुद्धा नव्हती.

"दुखतंय," मी मोठ्याने सांगितलं.

लेक धावत आली. "मग उठा ना, बाबा."

"दुखतंय म्हणालो. उठतो म्हणालो नाही. ती फरशी दे इकडे."