मृतजन्म

गुणवत्ता तपासणीच्या आदल्या दिवशी नवजात बाळांना ऊब देणारा वॉर्मर आला. महागावच्या अलीकडच्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा स्वतःचा वॉर्मर दोन वर्षांपूर्वी जळाला होता. तो दुरुस्तीला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. डॉ. घनश्याम देवतळ्यांनी त्याबद्दल सात पत्रं लिहिली होती. सातव्या पत्रालाही उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टर मित्राला फोन केला. केंद्राची रुग्णवाहिका गेली आणि वॉर्मर घेऊन आली. सोबत एक खोकंही आलं. त्यात नवजात बाळाला श्वास देण्याची अंबू बॅग होती आणि तिचे दोन लहान मास्क होते.

बाळंतपणाच्या खोलीतला कोपरा शीला खोब्रागडेनं सजवला. शीला मूळची बोरी अरबची. या केंद्रावर कंत्राटी नर्स म्हणून तिला सहा वर्षं झाली होती. तपासणीच्या यादीत नवजात बाळाच्या काळजीचे एकतीस मुद्दे होते. प्रत्येकापुढे तिनं 'उपलब्ध व चालू' अशी खूण केली आणि खाली सही केली. त्याखाली डॉक्टरांनी सही केली.

गुरुवारी पथक आलं. शीलानं रबरी बाहुलीच्या तोंडावर मास्क धरून बॅग दाबून दाखवली. बाहुलीची छाती वर आली. पथकातल्या बाईंनी तिचं नाव विचारून घेतलं, पूर्ण गुण दिले आणि चहा पिऊन मंडळी गेली. शीलाला त्या गुणांचा आनंद झाला, हे तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

शुक्रवारी सकाळी रुग्णवाहिका वॉर्मर आणि खोकं परत करायला निघाली. शनिवारी त्या दुसऱ्या केंद्राची तपासणी होती.

गाडी जाऊन तासही झाला नसेल, तेवढ्यात तांड्यावरून राखीला ऑटोतून आणलं. पहिलटकरीण, बावीस वर्षांची. सोबत नवरा प्रेम आणि सासू रुपीबाई. ही रुपीबाई एकेकाळी तांड्याची दाई होती. अर्धा तांडा तिच्या हातावर जन्मला होता. पण बारा वर्षांपूर्वी तिची स्वतःची लेक घरातच बाळंत झाली, रक्त थांबलं नाही, आणि रुपीबाईच्या मांडीवरच ती गेली. त्या दिवसापासून तिनं कोणाचं बाळंतपण केलं नाही. कोणी बोलवायला आलं की ती म्हणायची, दवाखान्यात न्या, मी सोबत येते. राखीला तर तिनं चौथ्या महिन्यापासून एकही तारीख चुकू दिली नव्हती.

शीलानं राखीला तपासलं. पाणी फुटलेलं होतं आणि ते हिरवं होतं. बाळानं पोटातच शी केली होती. अशी बाई लगेच पुसदच्या सरकारी दवाखान्यात पाठवायची असते. पण पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, बाळ खाली आलेलं, आणि दारात गाडी नाही. डॉक्टर तालुक्याच्या बैठकीला गेले होते. तिनं फोन केला. ते म्हणाले, ड्रायव्हरला परत बोलावतो. ड्रायव्हर शंकरसिंग तोवर तीस किलोमीटर लांब होता.

अकरा वीसला मुलगा झाला. निळसर, ढिला, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. शीलानं त्याला पुसलं, तोंडातली घाण ओढून काढली, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. बाळ हललं नाही. तिनं मदतनीस जमनीला बॅग मागितली. जमनीनं कपाटातून केंद्राची जुनी बॅग आणून दिली. बॅग धड होती, पण तिचा मास्क मोठ्या पोराचा होता. तो बाळाच्या डोळ्यांपासून हनुवटीखालपर्यंत आला. शीलानं बॅग दाबली की हवा सगळ्या बाजूंनी फुसकन निघून जायची. कालच्या बाहुलीची छाती वर आली होती. या बाळाची येत नव्हती.

तिनं मास्क टाकला आणि बाळाच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं. बाळंतपणाच्या खोलीतून आवाज का येत नाही, हे बाहेर बसलेल्या रुपीबाईला सांगावं लागलं नाही. ती आत आली. कोणी तिला अडवलं नाही.

"हळू फुक," ती शीलाच्या कानाशी म्हणाली. "गालातली हवा दे. छातीतली नोको."

शीला फुंकत राहिली. रुपीबाई बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवून ठोका चालू आहे, चालू आहे, असं सांगत राहिली. सात मिनिटांनी बाळानं आचका दिला. मग पुन्हा एक. आणि मग ते रडलं. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. दोनदा रडलं. टेबलावरून राखीनं मान वळवली, पण कोपऱ्यात तिघींच्या पाठी होत्या; तिला बाळ दिसलं नाही.

पौषातली थंडी होती. खोलीत ऊब देणारं काहीच नव्हतं. जमनीनं शेगडीवर फडकी गरम करून आणली. बाळ कण्हत श्वास घेत होतं, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, हातपाय गार पडत होते. रुग्णवाहिका अजून वाटेतच होती, म्हणून प्रेमनं गावातली एक गाडी पळत जाऊन आणली. शीलाला सोबत जायचं होतं. पण राखीची वार नुकतीच पडली होती, रक्त जात होतं, आणि केंद्रात दुसरी नर्स नव्हती. तिनं बाळ रुपीबाईच्या छातीशी, कांचळीच्या, म्हणजे चोळीच्या आत ठेवलं आणि वरून घोंगडी गुंडाळली. निघताना सांगितलं, माय, नाक मोकळं ठेवजो.

गाडी पुसदला पोचली नाही. बाळाचा श्वास कुठं थांबला हे रुपीबाईला बरोबर कळलं होतं. पण प्रेम पुढं ड्रायव्हरजवळ बसून, जोरात घे, जोरात घे म्हणत होता, म्हणून ती चार-पाच किलोमीटर काही बोलली नाही. मग तिनं गाडी वळवायला सांगितली.

दुपारी एक वाजता ते परत आले. शीलानं केसपेपरवर लिहिलं: मुलगा, वजन दोन किलो आठशे, जन्म अकरा वीस, अकरा अठ्ठावीसला रडला, मृत्यू अंदाजे साडेबारा, वाटेत.

डॉक्टर तीनला आले. त्यांनी केसपेपर वाचला आणि दार लावून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. रात्री-बेरात्री उठून येणारा, पेशंटशी नीट बोलणारा माणूस. मग ते शीलाला म्हणाले की जिवंत जन्म लिहिला तर बालमृत्यूची चौकशी लागेल.

"चौकशीत पहिला प्रश्न वॉर्मरचा येईल," ते म्हणाले. "आणि कालच्या यादीवर आधी तुमची सही आहे, मग माझी."

त्यांनी कोरा केसपेपर पुढं केला. शीलाचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या डोक्यात कंत्राट नव्हतं. त्या एकतीस खुणा होत्या. तिनं दुसरा कागद लिहिला. त्यात बाळ रडलं नाही. नोंदवहीत 'मृतजन्म' असा शब्द गेला.

तांड्यावर हा शब्द शीलाच्या अंदाजापेक्षा लवकर पोचला. कागदावर पोटात मेलेलं लेकरू लिहिलंय म्हटल्यावर बायका राखीला विचारू लागल्या, तू काय खाल्लं होतं, काय उचललं होतं. नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचायला गेली, हे कोणीतरी काढलं. प्रेमची चुलती मानीबाई म्हणाली, हिच्या माहेरीही असंच झालं होतं एकीला. राखी आधी सांगायची, मी आवाज ऐकला. मग दोनदा विचारल्यावर म्हणू लागली, ऐकल्यासारखं वाटलं. दहाव्या दिवशी तिनं रुपीबाईलाच विचारलं, तो खरंच रडला होता का, की मलाच भास झाला?

बाराव्या दिवशी रुपीबाई केंद्रावर आली. ओपीडीची गर्दी होती, डॉक्टर समोरच्या टेबलाशी होते. ती सरळ शीलापुढं उभी राहिली.

"तो रडला होता का नाही, बाई?"

शीलानं डॉक्टरांकडे पाहिलं नाही. पण रुपीबाईकडेही पाहिलं नाही. ती म्हणाली, माय, नंतर बोलू.

"नंतर कायले? तुह्या तोंडातली हवा होती त्याच्यात. तुले नाही माहीत त कोणाले माहीत?"

रुपीबाई वळून निघून गेली.

त्या संध्याकाळी शीला घरी न जाता तांड्यावर गेली. राखी दारात बसली होती. दूध आटवायला छातीला फडकं आवळून बांधलेलं. शीलानं तिला सगळं सांगितलं. वॉर्मरचं, मास्कचं, पहिल्या कागदाचं आणि दुसऱ्या कागदाचं. मुलगा रडला, दोनदा रडला, तासभर जगला. तू काही उचललं म्हणून नाही, तू कापूस वेचला म्हणून नाही.

राखी रडेल, चिडेल, असं शीलाला वाटलं होतं. राखीनं छातीवरचं फडकं पुन्हा आवळून घेतलं.

"मले सांगून काय होते?" ती म्हणाली. "ज्या कागदावर खोटं लिवलं, त्याच कागदावर खरं लिव."

शीलानं तिथंच प्रेमच्या वहीतलं पान मागून घेतलं आणि सगळं लिहून खाली सही केली. प्रेमनं ते पान तालुक्याला नेऊन दिलं. पोच घेतली.

चौकशी फेब्रुवारीत झाली. तीन माणसांची समिती आली. शीलाला दोन तास बसवलं. दोन केसपेपर का, पहिला कुठं आहे, हिरवं पाणी दिसल्यावर पेशंट का पाठवला नाही, मास्कची खात्री रोज करणं कोणाचं काम. मास्क रोज बघणं तिचंच काम होतं. तिनं ते कबूल केलं. वॉर्मर त्या दिवशी कुठं होता, हे तिनं आपणहून तीनदा सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं तिन्ही वेळा पेन खाली ठेवलं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले की तो या चौकशीचा विषय नाही. यादीनुसार केंद्रात सर्व साहित्य उपलब्ध व चालू होतं, आणि तसं तुम्हीच लिहून दिलं आहे.

निकाल मार्चमध्ये आला. नोंद दुरुस्त झाली. एकाच तारखेचे दोन दाखले प्रेमच्या हातात पडले, एक जन्माचा, एक मृत्यूचा. मृत्यूच्या अहवालात कारण होतं, परिचारिकेकडून झालेली दिरंगाई व खोटी नोंद. शीलाचं कंत्राट पुढं वाढलं नाही. डॉ. देवतळ्यांना समज देण्यात आली आणि एप्रिलमध्ये त्यांची बदली झाली. जाताना ते तिच्या खोलीवर आले होते. दोघं चहा प्यायले. माफी दोघांपैकी कोणीच मागितली नाही. कोणाची मागायची हे ठरत नव्हतं. केंद्राचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात आलं. जमनीनं सांगितलं, ते चांगल्या चौकटीत लावलंय.

राखीनं दोन्ही दाखले वाचले. तिनं ते तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओसरीवर नेले आणि मानीबाईसकट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवले. त्यानंतर तिला कोणी काही विचारलं नाही. पण त्यानंतर तिच्याशी फारसं कोणी बोललंही नाही; आता बोलायचं काय, हे कोणाला सुचत नव्हतं.

शीला पुसदला एका खाजगी दवाखान्यात ड्रेसिंगच्या कामाला लागली. बाळंतपणाच्या खोलीत तिला कोणी घेतलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. जमनीचा अधूनमधून फोन यायचा. पावसाळ्यात तिनं सांगितलं की नवा वॉर्मर आला. मग जमनी म्हणाली, पण तो अजून प्लास्टिकमध्येच आहे. त्याचा पिन मोठा आणि खोलीतला सॉकेट छोटा, वायरमन यायचाय.

पुढच्या वर्षी श्रावणात एका दुपारी शीलाला राखीचा फोन आला. मधल्या दीड वर्षात दोघी एकदाही बोलल्या नव्हत्या. सातवा महिना लागलाय, राखीनं सांगितलं. मग विचारलं, कुठं जाऊ.

शीला म्हणाली, केंद्रावर नको, तारखेच्या आठ दिवस आधीच पुसदला सरकारी दवाखान्यात येऊन राहा.

"पुसदले हाय का मशीन?"

"आहे."

"तुम्ही पाह्यली का?" राखीनं विचारलं. "चालू?"

सगळ्यांनाच माहीत होतं की तिथं आहे. तिनंही कितीदा पेशंट पाठवताना तसं लिहिलं होतं. डोळ्यांनी पाहिली नव्हती. पाहून सांगते, असं म्हणून तिनं फोन ठेवला, सुट्टीचा अर्ज दिला आणि ती त्या सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागात जाऊन उभी राहिली. ड्यूटीवरच्या तरुण नर्सनं विचारलं, तुम्ही कोण, कोणत्या पेशंटच्या. शीला म्हणाली, मी कोणाची नाही, मला फक्त वॉर्मर चालू करून दाखवा, आणि बाळाचा मास्क दाखवा, सर्वात लहान.

नर्स वैतागली. तपासणी आहे का, तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर आणखी वैतागली. पण शीला जागची हलेना, तेव्हा तिनं कुरकुरत बटण दाबलं आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेली. शीला तिथं एकटीच, तळहात पुढं करून, वॉर्मर तापण्याची वाट बघत उभी राहिली.