डेलनची सतरा मिनिटं

"सतरा मिनिटं! साठातली सतरा! आता काय रिंकच्या किल्ल्या द्यायच्या त्याला?"

मर्व्हिन टॉफ्टने टेबलावर मूठ आपटली आणि माझ्या कपातली कॉफी बशीत सांडली. सहकारी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात रोज सकाळी नऊला हे टेबल भरतं. गहू पिकवून थकलेले, शेत मुलांच्या हाती देऊन मोकळे झालेले म्हातारे बसतात, आणि मधे मी एकटी बाई. बाहेर उणे चौतीस अंश, इंजिन गोठू नये म्हणून गाड्या विजेच्या तारांना जोडून ठेवलेल्या, आणि आत डेलन वापासची मिनिटं.

डेलन आमच्या गावाच्या आइस हॉकी संघाचा फॉरवर्ड, म्हणजे पुढून चढाई करणारा. बर्फावर त्याच्याइतका वेगवान माणूस या भागात मी तीस वर्षांत पाहिला नाही. त्याला प्रत्येक सामन्यात किती वेळ बर्फावर ठेवायचं, यावर गावात दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा पंचवीस मिनिटं द्या. दुसरा म्हणायचा दहा बस झाली, तो परत फिरून बचाव करत नाही, नुसता पुढे पळतो.

आमची शाळा बंद केली तेव्हा हे टेबल गप्प होतं. धान्याची उंच कोठारं पाडली तेव्हा हेच सगळे गाड्या काढून बघायला गेले, जशी काही जत्राच. पण एका पोराच्या मिनिटांवर सगळ्यांना कंठ फुटला होता. आणि स्पष्टच सांगते, मर्व्हिनने आकडा आडनाव ऐकून ठरवला होता. वापास म्हणजे पलीकडच्या राखीव वस्तीवरचा क्री आदिवासी. त्या जागी टॉफ्ट आडनावाचा कुणी असता, तर मर्व्हिनला सतरा मिनिटं म्हणजे अन्याय वाटला असता.

"तुझ्या नातवाला पंधरा मिळतात, तो कधी परत फिरलाय?" मी विचारलं.

"तो दमतो गं, नादिया."

"आणि डेलन आळशी, असंच ना?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणायचं काय राहिलंय?"

मी पंचवीसवाली होते. तावातावाने भांडायचे. पण माझंही काही सोवळं नव्हतं. दोन वर्षं त्या पोराची बाजू घेत होते आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा रे, तुला काय वाटतं.

रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, माझी कामं दोन. सामन्याआधी खेळाडूंच्या स्केटच्या पात्यांना धार लावायची, आणि सामना चालू असताना आमच्या बाकाचं दार उघडायचं आणि लावायचं. दमलेला आत येतो, ताजा बाहेर जातो. दर खेपेला दार. संघाचा प्रशिक्षक ऑरेस्ट, माझा धाकटा भाऊ. मी त्याच्या पाठीशी उभी असते, त्याची प्रत्येक शिवी आधी माझ्या कानावर येते.

त्या मंगळवारी डेलनची पाती सहाणेच्या चाकाला लावताना मी थांबले. पात्याला दोन कडा असतात. जो नुसता सरळ पळतो, गोल वळसे घेतो, त्याच्या कडा बऱ्याच टिकतात. जो करकचून थांबतो आणि उलटा फिरतो, त्याच्या कडा मरतात. डेलनच्या कडा पार गेलेल्या होत्या. चार दिवसांत. मर्व्हिनच्या नातवाचं पातं शेजारीच होतं, आठवडाभर वापरलेलं. त्याने अजून भाजी चिरता आली असती.

मग परत कोण फिरत नव्हतं?

मला चैनच पडेना. पातं खोटं बोलत नाही, पण मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेले गोलही खोटे नव्हते. डेलन अर्ध्या मैदानात हात गुडघ्यांवर टेकून घसरत राहिलाय आणि समोरच्यांनी आमच्या गोलात चकती घातलीय, हे मीही पाहिलं होतं. दोन्ही खरं कसं असेल?

बुधवारच्या सामन्याला मी पोहण्याच्या तलावावरचं जुनं स्टॉपवॉच मागून आणलं. एका हातात दाराची कडी, दुसऱ्यात घड्याळ. डेलन बाहेर गेला की दाबायचं, आत आला की दाबायचं, आणि दाराच्या फळीवर खडूने लिहायचं.

ऑरेस्टने पाहिलं. "काय चाललंय?"

"मोजतेय."

"मोजायला काय, पंच आहेत की."

"तू तुझं बघ."

वीस मिनिटांच्या पहिल्या भागातच मला कोडं पडलं. बाकीचे पोरगे पंचेचाळीस सेकंद खेळून हाशहुश करत आत येत होते. डेलन सव्वा मिनिट, दीड मिनिट, एकदा तर एक चाळीस. पहिले पस्तीस-चाळीस सेकंद तो आगीसारखा. पुढे जातो, करकचून थांबतो, उलटा फिरतो, चकती हिसकावतो. पात्याचं म्हणणं खरं होतं. मग चाळीस सेकंदांनंतर पाय जड. साठ सेकंदांनंतर नुसता घसरतोय. आणि समोरचे नेमके तेव्हा गोल करतात. टेबलावरचे म्हातारे तेवढंच बघतात. मर्व्हिनचंही म्हणणं खरं होतं, मेलं.

"अरे, मग तू त्याला आत का बोलवत नाहीस?" मी ऑरेस्टला विचारलं.

"घसा फाटला माझा! ऐकू येतंय कुठे त्याला? हावरट आहे. बर्फ सोडवत नाही."

हावरट. मी तो शब्द घेऊन दुसऱ्या भागात दार धरून उभी राहिले. आणि तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली, जी झाली ते बरं झालं. डेलन आत आला तेव्हा मी घड्याळ बंद करायच्या ऐवजी चुकून शून्यावरून पुन्हा चालू केलं. काटा पळत राहिला. मी पाहिलं तेव्हा तो बाकावर बसून चार मिनिटं झाली होती. मग पाच. मग सहा. त्याच्याआधी आत आलेले तीन-तीनदा जाऊन आले होते. डेलन टोकाला, काठी मांडीवर, नजर ऑरेस्टच्या पाठीवर. त्याच्याकडून चकती निसटली होती, एवढंच. मर्व्हिनच्या नातवाकडूनही निसटली होती. तो दोन मिनिटांत परत बर्फावर.

सात मिनिटं दहा सेकंद. मी ते फळीवर लिहिलं, रागाने खडू दाबून.

आख्खं गाव दोन वर्षं बर्फावरची मिनिटं मोजत होतं. बाकावरची कुणी मोजलीच नव्हती. मीसुद्धा नाही, आणि मी तर बाकाला टेकून उभी असते.

सामना हरलो. डेलनच्या बारा खेपा, सतरा मिनिटं. तो बूट सोडत होता तेव्हा मी शेजारी जाऊन बसले.

"डेलन, ऑरेस्ट बोलावतो तेव्हा तू आत का येत नाहीस?"

तो हसला. "मावशी, खरं सांगू की टेबलावर सांगण्यासारखं सांगू?"

"खरं सांग."

"माझ्या आजीकडे आम्ही अकरा पोरं. पहिल्या वाढणीलाच ताट भरून घ्यायचं. दुसरी वाढणी येईल याची काय खात्री?" त्याने लेस ओढली. "एकदा त्या दारातून आत आलो की परत कधी जाणार, हे मला कुणी सांगत नाही. मग जेवढं आहे तेवढं खाऊन घेतो."

"दम लागतो तरी?"

"दम लागतो तरी. आणि आता सांगूनच टाकतो. शेजारच्या वेक्सलर गावाचा संघ बोलावतोय. बावीस मिनिटं देतो म्हणाले. सोमवारी सही करणार."

सोमवार म्हणजे दहा जानेवारी. आमच्या लीगमध्ये त्या दिवशी दुपारी बारापर्यंतच संघ बदलता येतो. नंतर जो जिथे असेल तिथेच. डेलन गेला की आमचा हंगाम संपला, पण मला त्याचं तितकं वाईट वाटत नव्हतं. मला हे खुपत होतं की तो चुकीच्या आकड्यासाठी चालला होता, आणि आम्ही त्याला चुकीच्या आकड्यासाठी शिव्या देत होतो.

त्याच संध्याकाळी ऑरेस्टच्या स्वयंपाकघरात मी ती फळी नेऊन टेबलावर ठेवली. दाराचीच फळी, स्क्रू काढून.

"वेडी झालीस? दार कशाने लागणार आता?"

"वाच."

त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. माझा भाऊ वाईट माणूस नाही. डोकं चालवायचं नाही, एवढी एकच वाईट खोड.

"मी त्याला शिक्षा करत नव्हतो," तो म्हणाला.

"मग काय करत होतास?"

"विश्वास बसत नव्हता."

"मर्व्हिनच्या नातवावर बसतो?"

त्याने फळी उलटी करून ठेवली. त्याची बायको चुलीकडे तोंड करून बटाट्याच्या करंज्या उकडत होती.

"सात मिनिटं, ऑरेस्ट! तुला कुणी सात मिनिटं दारात उभं केलं तर तू घरात शिरल्यावर बाहेर निघशील?"

"काय करू म्हणतेस?"

"शनिवारी मला करू दे. पस्तीस सेकंद झाले की मी दार आपटणार, त्याने आत यायचं. आणि दोन मिनिटांच्या आत तू त्याला परत पाठवायचं. काहीही झालं तरी. चकती गेली तरी."

"आणि हरलो तर?"

"हरतोयसच की आत्ताही."

शनिवारी रिंकवर बसायला जागा नव्हती. पहिल्या खेपेला मी दार आपटलं. डेलन वळलाच नाही. दुसऱ्यांदा आपटलं. तो चिडून आत आला. "मावशी, आत्ताच तर गेलो होतो!" वरून लोक ओरडायला लागले. "काढता काय त्याला? झोपलात का?" हे कोण, तर दहा मिनिटंवाले! मर्व्हिन सगळ्यांत मोठ्याने.

दीड मिनिटाने ऑरेस्टने डेलनच्या खांद्यावर हात ठेवला. "जा." डेलनने आधी मागे पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय.

चौथ्या खेपेला त्याच्याकडून चकती गेली. आमच्या गोलावर धडकी भरवणारा फटका आला, कसाबसा वाचला. डेलन आत येऊन टोकाला जाऊन बसला, जसा नेहमी बसायचा, काठी मांडीवर. मी घड्याळ बघत होते. एक मिनिट. दीड. ऑरेस्टचा जबडा हलत होता. एक पन्नास. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"वापास," तो म्हणाला, नाइलाजाने का होईना. "जा."

त्यानंतर मला दार आपटावं लागलं नाही. पस्तीस, अडतीस, चौतीस. तो आपणहून येत होता. बसायचा, पाणी प्यायचा, उठायचा. शेवटच्या भागात समोरचे जिभा काढून खेळत होते आणि हा अजून पहिल्या मिनिटासारखा. दोन गोल त्याने केले, एक वाचवला, मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत परत पळत येऊन. जिंकलो.

आता गंमत ऐका. चोवीस खेपा. एकूण पंधरा मिनिटं आणि बारा सेकंद. बुधवारपेक्षा जवळजवळ दोन मिनिटं कमी.

रविवारी चर्चनंतर टेबल खास भरलं. मर्व्हिनने छाती काढली. "बघितलंत? कमी दिली तर जिंकलो. मी काय सांगत होतो?" पंचवीसवाले म्हणाले, पंधरात दोन गोल, म्हणजे पंचवीसमध्ये तीन-चार. मी फळी आणलेली होती. दाखवली. बाकावरचे आकडे वाचून दाखवले. कुणी ऐकलं नाही. माणसाला सवयीचं भांडण सोडवत नाही. मी कॉफी अर्धी टाकून उठले.

सोमवारी सकाळी साडेदहाला डेलन धार लावायच्या खोलीत आला. हातात फोन.

"वेक्सलरच्या कोचशी बोललो," तो म्हणाला. "विचारलं, बावीस मिनिटं म्हणजे किती खेपा? तो म्हणाला, खेपांचं काय, मिनिटं मोज. मग विचारलं, माझ्याकडून चकती गेली तर परत कधी पाठवणार? तो हसला. म्हणाला, बघू."

"मग?"

"ते 'बघू' मी दोन वर्षं ऐकतोय, मावशी. फक्त इथलं." तो बाकड्यावर बसला. "तू भावाला बोलाव. त्यालाही विचारायचंय."

ऑरेस्ट आला तेव्हा अकरा वाजून गेले होते, बुटांना बर्फ, टोपी हातात. तो बसला नाही. डेलनही उठला नाही.

"चकती गेली तर?" डेलनने विचारलं.

"तर पुढच्या खेपेला तूच."

"दोनदा गेली तर?"

ऑरेस्टने माझ्याकडे पाहिलं. मी चाक पुसत होते. मला त्याच्या बाजूने एक शब्द बोलायचा नव्हता.

"तरी तूच," तो म्हणाला. "शिव्या देईन. पण देऊन पाठवीन."

"शिव्या चालतील. मर्व्हिनच्या नातवालाही देणार?"

"...त्यालाही."

"आणि दोन वर्षांचं काय?"

मला वाटलं आता माझा भाऊ नेहमीसारखा काहीतरी पुटपुटून दाराकडे वळणार. तो टोपी फिरवत राहिला. "ते चुकलं," तो म्हणाला. "संघाचं नाही. माझं चुकलं. मी तुला बसवून ठेवलं आणि मग हावरट म्हटलं."

डेलन उठून उभा राहिला. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही, आणि का म्हणावं? त्याने फोन ऑरेस्टपुढे धरला.

"वेक्सलरवाल्याला तूच सांग. मला लोकांना नाही म्हणायला जमत नाही."

ऑरेस्टने नंबर लावला. "हां, मी ऑरेस्ट. वापास येत नाहीये तुमच्याकडे... नाही, इथेच राहतोय... नाही हो, वाढवली नाहीत मिनिटं. कमी केली."

ऑरेस्टने फोन कानापासून दूर धरून पाहिला, चालू आहे की तुटला ते.