सांग तुझ्या लेकीला

आमच्या घरात बापलेकीचा अबोला होता, आणि त्याचं कारण पेट्रोल. म्हणजे पेट्रोल इंजिनात कसं जावं, हे. यांचं म्हणणं, कार्ब्युरेटरमधून जावं, आजवर गेलं तसं. लेकीचं म्हणणं, इंजेक्शनने जावं, गाडीतला कॉम्प्युटर मोजून देईल तसं. माझं म्हणणं, दोघंही जा खड्ड्यात. पण मला विचारतंय कोण?

यांचं गॅरेज आहे, घराच्या खालीच. चिखलात, दगडधोंड्यांत पळवायच्या मोटरसायकली हे दुरुस्त करतात आणि लेक त्या शर्यतीत पळवते. तिच्यासाठी यांनी एक गाडी बांधायला घेतली होती. तिचा कार्ब्युरेटर जेवणाच्या टेबलावर खोलायचे आणि त्यातली बारीक पितळी जेट माझ्या चहाच्या गाळणीत धरून पेट्रोलने धुवायचे. तेही मी सोसलं. गाडी पुरी व्हायच्या आत लेक स्वतःच्या पगारातून इंजेक्शनवाली घेऊन दारात हजर.

"जिला लॅपटॉप जोडावा लागतो ती गाडी नाही, ऑफिस आहे," हे म्हणाले.

"आणि रोज सकाळी जिची मनधरणी करावी लागते, ती गाडी नाही, बाबा आहेत," लेक म्हणाली.

झालं. तेव्हापासून सगळं माझ्यामार्फत. "सांग तुझ्या लेकीला, मीठ दे म्हणावं." मीठ तिच्या हाताशी, हे तिच्या समोर. "सांग तुझ्या नवऱ्याला, डॉक्टरांनी मीठ कमी खायला सांगितलंय." हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मी आपली टपालखात्यात. एकदा मीच मजकूर बदलून पाहिला. म्हटलं, "बाबा म्हणतायत, गाडी छान आहे." लेक म्हणाली, "आई, तुला थापा मारता येत नाहीत." नाक बापाचं, अडेलपणाही बापाचा. भरल्या घरात मला एकटं वाटायचं, हे मात्र मी कुणाला बोलले नाही.

शर्यतीच्या दिवशी हे म्हणाले, "मी येणार नाही." आणि माझ्या आधी बूट घालून दारात उभे.

आम्ही ओढ्याकाठी, दोरीच्या अलीकडे जागा धरली. बाहेरच्या कुणी आत जाऊन गाडीला हात लावला की स्पर्धक बाद, असा नियम. लेक आली ती झकास. पण ओढ्यातून वर चढताना मागचं चाक दगडावरून सटकलं आणि ती गाडीसकट आडवी झाली. ती उठली, गाडी उभी केली, स्टार्टर दाबला. इंजिन नुसतं घरघरलं, पेटेना. तिने पुन्हा दाबला. मागच्या दोन गाड्या पाणी उडवत पुढे निघून गेल्या.

मला वाटलं, आता हे मिशीतल्या मिशीत हसणार. बघते तर तोंड पार उतरलेलं.

"सांग तुझ्या लेकीला," हे पुटपुटले, "गाडी आडवी पडली की त्यातला सेन्सर इंजिन बंद करतो. चावी एकदा बंद करून परत चालू करायची. नुसतं स्टार्टर दाबत बसली तर बॅटरी संपेल."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"ती कामाला जाते तेव्हा गाडी खालीच असते. सांग लवकर."

म्हणजे हा माणूस कार्ब्युरेटरच्या सवतीला दिवसाढवळ्या शिव्या घालणार आणि चोरून तिचाच पाहुणचार घेणार. मला असा काही संताप आला. लेक हाकेच्या अंतरावर होती, शब्द माझ्या ओठांवर होते, आणि मी ते गिळले.

"मी नाही सांगत."

"अगं, बॅटरी चाललीय तिची."

"जाऊ दे. तुमची लेक आहे, तुम्हाला तोंड आहे. तुम्ही सांगा."

मी हाताची घडी घातली खरी, पण नजर तिच्यावरून हटेना. पोरीची वर्षभराची मेहनत माझ्या हट्टापायी पाण्यात जायची वेळ आली होती. स्टार्टरचा आवाज खाली खाली चालला. तिने हेल्मेटची काच वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. ती रडत होती.

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अख्ख्या ओढ्याला ऐकू जाईल असे ओरडले, "चिमणे, चावी बंद कर! बंद करून परत चालू कर!"

ती बघतच राहिली. मग तिने चावी फिरवली, स्टार्टर दाबला आणि इंजिन पेटलं. तरी वेडी लगेच निघेना.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"आधी नीघ गं बाई. गप्पा कसल्या मारतेस?"

शेवटून तिसरी आली. परत येताना आम्ही तिघं गॅरेजच्या टेम्पोत पुढे बसलो होतो, मी मधे. हे सांगत होते की कार्ब्युरेटर असता तर ही चावीची भानगडच झाली नसती. लेक सांगत होती की कार्ब्युरेटर असता तर आपण ओढ्यापर्यंत पोचलोच नसतो. माझे दोन्ही कान किटले आणि डोळे भरून आले. केव्हाची तहानलेली होती पोर. न राहवून मी म्हटलं, "अहो, सांगा तिला, आधी पाणी तरी पी म्हणावं."

दोघंही एकदम माझ्यावर खेकसले, "तू मधे बोलू नकोस."