व्हर्नच्या मापाची सॅक

आर्लीनला दुकानातली सगळ्यात मोठी सॅक हवी होती, आणि ती गॉर्डीला ते सांगत नव्हती, बजावत होती.

"ती वरची काढ. व्हर्नची होती तेवढीच."

"व्हर्न सव्वासहा फूट होता, बाई. त्याच्या मापाची सॅक तुला घातली तर पट्टा कमरेवर बसायचा नाही. सगळं वजन खांद्यावर येईल."

"तू काढ रे. दुकान चालवतोस की शाळा?"

गॉर्डीने निमूटपणे शिडी लावली. अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या खोऱ्यात त्याचं शिकारीच्या सामानाचं दुकान वीस वर्षं होतं, आणि आर्लीनशी वाद घालून कोणी जिंकल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

तिचा हट्टही उगाच नव्हता म्हणा. एल्कच्या मादीचा परवाना दरवर्षी मिळायचा, पण अकरा वर्षं अर्ज भरल्यावर यंदा सोडतीत तिला नराच्या शिकारीचा परवाना लागला होता. सांबरापेक्षाही थोराड अंगाचं हे हरीण. हाडं काढून टाकली तरी सव्वादोनशे पौंड मांस. ते डोंगरावरून गाडीपर्यंत चार मैल पाठीवर आणायचं, तेही खराब व्हायच्या आत. जे वाहून आणता येणार नाही त्याच्यावर गोळी झाडायची नाही, हे तिथली पोरं बंदूक हातात धरायच्या आधी शिकतात. आर्लीनच्या घरात तीस वर्षं कामाची वाटणी ठरलेली होती. नेम तिचा, ओझं नवऱ्याचं, म्हणजे व्हर्नचं. व्हर्नचा नेम असा की जनावरं त्याला बघूनही निवांत चरत राहायची.

फेब्रुवारीत व्हर्न झोपेतच गेला. हृदय. आता परवाना होता, नेम होता, आणि पाठ उरली होती ती आर्लीनची, एकसष्ट वर्षांची. ओझं झेपत नसेल तर यंदा डोंगरावर जायचं नाही. आणि पुढच्या सोडतीची वाट बघायला ती काही विशीतली पोर नव्हती.

गॉर्डीकडे सॅक आरशासमोर घालून बघायची पद्धत नव्हती. मागच्या गोदामात वाळूच्या थैल्या होत्या आणि माळ्यावर जाणारा बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना. थैल्या भरायच्या, तीनदा चढायचं, तीनदा उतरायचं, मग काय ते बोलायचं.

"किती भरू?"

"व्हर्न किती आणायचा?"

गॉर्डी घुटमळला. "ऐंशी पौंड. कधी नव्वद."

"मग ऐंशी भर."

"आर्लीन, ऐक जरा..."

"भर म्हटलं ना!"

सॅक पाठीवर चढवतानाच तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पहिल्या फेरीत पट्टा घसरून मांड्यांवर आला. दुसऱ्या फेरीत अर्ध्या जिन्यात गुडघ्याने दगा दिला आणि ती कठडा धरून मटकन खाली बसली. गॉर्डीने धावत येऊन बकलं सोडवली.

लागलं कुठेच नव्हतं. तिने त्या सॅकवर हात ठेवला. दरवर्षी पाठीवर एवढं घेऊन व्हर्न पुढे चालायचा आणि विचारलं की म्हणायचा, "छे गं, हलकंच आहे." आणि ही मागून बंदूक नि जेवणाचा डबा घेऊन त्याला भरभर चालायला सांगायची.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "तीस वर्षं खोटं बोलला, मेला." आणि तिला रडूच फुटलं.

गॉर्डी खालच्या पायरीवर बसला.

"तो गेल्या सप्टेंबरात इथे आला होता. याच जिन्यावर."

"कशाला?"

"झेपतंय का बघायला. पन्नास पौंडांतच सातव्या पायरीवर बसला. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, यंदा मला बोलाव. तर म्हणाला, आर्लीनला कळलं तर ती शिकार सोडेल. आणि तिचा नेम बघायलाच तर मी डोंगरावर जातो."

गेल्या वर्षीची मादी तशी लहान होती. तरी व्हर्नने गाडीपर्यंत सहा फेऱ्या घातल्या होत्या. पाय दुखतोय म्हणाला होता. आर्लीनने त्याला म्हातारा म्हणून चिडवलं होतं.

तिला त्याचा भयंकर राग आला. नुसतं तोंड उघडायचं होतं त्या गाढवाने! खोऱ्यात काय पाठींचा दुष्काळ पडला होता? मग तिने शेजारी पडलेल्या त्या अवाढव्य सॅककडे पाहिलं, आणि आपण ती कशासाठी मागत होतो ते तिला लख्ख कळलं. कोणाला मदतीचं विचारायला लागू नये म्हणूनच की.

तिने बाहीला नाक पुसलं. "माझ्या मापाची काढ. चाळीस भर."

या वेळी पट्टा कमरेवर घट्ट बसला. ती तीनदा चढली, तीनदा उतरली. घामाघूम झाली, पण पाय थरथरले नाहीत. तरी हिशेब सुटत नव्हता. चाळीस-चाळीस पौंडांच्या सहा फेऱ्या म्हणजे तीन-चार दिवस, आणि मांस काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं.

"गॉर्डी."

"हं?"

पुढचे शब्द तिच्या तोंडून जन्मात कधी निघाले नव्हते. "तू येशील का? मला एकटीला नाही जमायचं."

गॉर्डीने उगाच थैल्या रचायला घेतल्या. "पाठीचं मऊ मांस अर्धं माझं."

"चतकोर."

"अर्धं."

"बरं, अर्धं घे मेल्या. पण माझी एक अट आहे," आर्लीन म्हणाली. "वाटेत जड झालं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि मला सांगायचं. मग आपण दोघं खाली बसू."