आढ्यावरचं शेवटचं कवेलू

आमच्या फाट्यावर बस थांबत नव्हती. हात दाखवला की ड्रायव्हर लांबूनच मान हलवायचा, म्हणजे थांबा कुठंय? थांबा नव्हताच. एक पळस होता, आणि ऐन उन्हाच्या दिवसांत त्याच्यावर पान नसायचं.

गुंजननं स्पर्धेसाठी चित्र करायला घेतलं ते या नसलेल्या थांब्याचंच. गुंजन माझी जुनी विद्यार्थिनी. गोंदियात एका इंजिनिअरच्या ऑफिसात ती संगणकावर इमारतींची चित्रं करते. इमारत उभी राहण्याआधीच ती कशी दिसेल, ऊन कुठं पडेल, हे फोटोसारखं दाखवायचं काम. बंगला असो की सार्वजनिक संडास, चित्राखाली नाव इंजिनिअरचं. ही स्पर्धा मात्र देशभरातली होती, विषय होता ‘वाट पाहण्याची जागा’, आणि पहिल्यांदाच चित्राखाली तिचं स्वतःचं नाव जाणार होतं. म्हणून ती सुट्टी काढून नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावी आली आणि माझ्या ओसरीत लॅपटॉप मांडून बसली. गावात इन्व्हर्टर माझ्याकडेच आहे.

माझी ओसरी म्हणजे सुट्टीतली शाळा. पोरं पाढे सोडून पडद्याला चिकटली. चित्र इतकं हळू का उमटतं, असं दुसरीतल्या रिंकूनं विचारलं. मी तिच्या हाती आरसा दिला आणि अंगणातलं ऊन आत पाडायला सांगितलं. कवडसा भिंतीवर पडला, भिंतीवरून पितळी तांब्यावर चमकला, तांब्यावरून छताला लागला. म्हटलं, असा प्रत्येक किरण कुठून आला नि कुठं गेला, हे संगणक एकेक करून मोजतो. रिंकूनं लॅपटॉपकडे दयेनं पाहिलं आणि सुपानं त्याला वारा घालायला लागली.

थांबा सुरेख होता. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, बांबूच्या तट्ट्यातून बाकावर पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या, लहान्यांसाठी बुटका बाक, आणि डोक्यावरचा भारा कुणाची मदत न घेता उतरवता यावा म्हणून खांद्याइतका उंच कट्टा.

चूक एवढीच झाली, की कवेलू एकावर एक कशी बसतात हे विचारायला गुंजननं ते चित्र फोनवर टिकारामला, म्हणजे तिच्या आजाला, दाखवलं. टिकारामच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. त्यांच्यात कोणी काठीनं जमिनीवर रेघ ओढली, तर ती चर्चेसाठी नसते. दुसऱ्या दिवशी तिथं फावडी येतात. टिकारामनं चित्र नीट पाहिलं, फोन मागून घेतला आणि तलावाच्या पाळीवर बसलेल्या मंडळींना दाखवून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं धावत आली. फाट्यावर खड्डे खणून राहिले, म्हणाली.

गुंजन पळत गेली, मागून मी. परसातले बांबू, पडक्या गोठ्यातले खांब, बैलगाडीभर कवेलू, सगळं येऊन पडलं होतं. जेवणाचे डबे पळसाला टांगले होते.

“आबाजी, हे काऊन बांधून राहिले?”

“तूच तं काढलं.”

“ते चित्र आहे, आबाजी.”

“मंग? चित्र कायले काढते मानूस?”

तिनं त्याला स्पर्धेचा नियम वाचून दाखवला. वास्तू निव्वळ कल्पनेतली हवी, उभी असलेली निघाली तर प्रवेशिका बाद. चित्र पाठवताना तसं कबूलही करायचं होतं. टिकाराम कुदळीवर रेलून ऐकत राहिला. मग म्हणाला, पाठव ना लवकर, आम्ही काय तुझा हात धरला? डबे घेऊन आलेल्या माणसांना परत पाठवायची पद्धत त्यांच्यात नव्हती.

मग जी शर्यत लागली तिला तोड नाही. ओसरीत लॅपटॉप शेवटचं मोठं चित्र एकेक चौकोन करून उमटवत होता आणि फाट्यावर थांबा उगवत होता. पोरं मधल्या रस्त्यानं बातम्या वाहत होती. खांब उभे झाले. इकडे नुसतं आकाश आलं. वासे चढले. इकडे पळसाच्या फांद्या. तट्टे बांधून झाले, बाकाला शेणमाती लागली, आणि इकडे बाकाचा पत्ताच नाही. गुंजन एकदा हसायची, एकदा कपाळाला हात लावायची. रिंकूनं फाट्यावर जाऊन हळू बांधा असं सांगून पाहिलं, तर तिच्याच हाती कवेलू देऊन तिला रांगेत उभं केलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चित्र पूर्ण झालं. ते पाठवायला नेट हवं, आणि आमच्याकडे नेट येतं ते फक्त फाट्यावर. गुंजन लॅपटॉप पोटाशी धरून धावली, मागे पोरांची वरात. फाट्यावर सावली एकाच ठिकाणी होती. ती त्या बाकावर बसली आणि नियमापाशी येऊन तिचं बोट अडकलं. ‘ही वास्तू कुठेही उभी नाही’ या ओळीपुढे खूण करायची होती.

वर टिकाराम आढ्यावर बसला होता, शेवटचं कवेलू हातात. खाली ग्रामपंचायत सदस्य गजेंद्र लाल फीत घेऊन आला होता; उद्घाटनाला उशीर नको म्हणत होता.

“गुरुजी,” गुंजन म्हणाली, “मी खोटी खूण करणार नाही. तुम्ही सांगा, हा थांबा झाला का?”

मी तो प्रश्न पोरांपुढे टाकला. घर झालं असं कधी म्हणायचं? कोणी म्हणालं दार लागलं की, कोणी म्हणालं मांजर येऊन झोपली की. रिंकूनं विचार केला.

“पानी आत आलं नाही की.”

हे तपासता येण्यासारखं होतं. मी बादली मागवली. टिकारामनं ती दोरीनं वर ओढून घेतली आणि आढ्यावर ओतली. पाणी सगळीकडून खळाळत उतरलं, फक्त एका कवेलूएवढ्या भोकातून सरळ आत आलं. त्या भोकाखाली फीत सरळ करत गजेंद्र उभा होता.

पोरं हसून जमिनीवर लोळली. गजेंद्रनं मिशीवरचं पाणी निरपलं, वर पाहिलं आणि मोठ्या मनानं जाहीर केलं, “नाही झाला जी.”

गुंजननं खूण केली आणि चित्र पाठवलं. ते जायलाही वेळ लागत होता. सगळे बाकावर, कट्ट्यावर, बांधावर बसले. वर टिकाराम कवेलू छातीशी धरून तान्ह्या पोरासारखं सांभाळत होता.

“ठेवू का?”

“थांबा, आबाजी.”

“ठेवू का आता?”

“थांबा ना.”

पडद्यावर ‘प्रवेशिका मिळाली’ असं उमटलं आणि खाली नाव, गुंजनचं. तिनं ते आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. मग वर पाहून मान हलवली. कवेलू बसल्याचा ठक्क आवाज झाला. तेवढ्यात सडक अर्जुनीची बस वळणावर दिसली. आमच्यापैकी कोणाला कुठं जायचं नव्हतं, हातही कोणी दाखवला नाही. पण छपराखाली एवढं गाव बसलेलं पाहून ड्रायव्हरनं बस थांबवली. गजेंद्र ओल्या फितीसह आत चढला आणि पुढच्या गावी उतरून चालत परत आला.

निकाल लागला तेव्हा आम्ही तिथंच बसलो होतो. गुंजनला उत्तेजनार्थ बक्षीस होतं. परीक्षकांचा शेरा तिनं वाचला: कल्पना मनोहर आहे, परंतु अशी जागा प्रत्यक्षात कोणी उभी करील, असं वाटत नाही.

टिकारामनं तो तिला पुन्हा वाचायला लावला. मग बाकावरच्या उन्हाच्या पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणाला, “त्याईले म्हनावं, येऊन बसा. बस थांबते आता.”