फाइलीतून गळलेले कॉड

डॅफ्नीने रेमीची फाइल त्याला न विचारता उघडली आणि ओळी मोजल्या. आकडा आला तेव्हा तिने चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. पकडलेले कॉड मासे नऊशे होते. जोडलेल्या फाइलीत सहाशेसुद्धा नव्हते.

सेंट जॉन्सच्या या प्रयोगशाळेत तिला पाच वर्षं झाली होती. रेमी मॉन्ट्रियलहून आला तो गेल्या हिवाळ्यात, आणि प्रोफेसर व्हर्नांनी त्याचा आलेख फ्रिजच्या दारावर लावलासुद्धा. चहाला दूध काढताना डॅफ्नीला रोज तो बघावा लागे. बर्गनच्या परिषदेला कोणाला पाठवायचं, हे व्हर्ना आज दुपारी ठरवणार होत्या. जागा एकच होती.

चूक तिला लगेच कळली. माशांच्या दोन याद्यांपैकी एक रेमीने स्वतःच्या लॅपटॉपवर अक्षरक्रमाने लावली होती. तिथली भाषा फ्रेंच, आणि त्या क्रमात मोठी-लहान अक्षरं शेजारी बसतात. दुसरी यादी सर्व्हरवर लावलेली. तिथे सगळी मोठी अक्षरं आधी येतात. जोडणारा प्रोग्रॅम दोन्ही याद्यांवरून फक्त पुढे जातो. ज्याची दुसऱ्या यादीतली नोंद मागे राहिली, तो मासा गळाला. प्रोग्रॅमने कुरकुर केली असणारच, पण रेमीने त्याचे इशारे बंद करून ठेवले होते.

डॅफ्नीला इतकं बरं वाटलं की तिने गार झालेला चहा आवडीने संपवला. दुपारच्या बैठकीत सगळ्यांसमोर दाखवायचं, असं तिने ठरवलं. पुराव्यासाठी तिने LC_ALL=C ही सूचना लिहून दोन्ही याद्या एकाच क्रमात लावल्या, जोडल्या आणि आलेख काढला.

नऊशेच्या नऊशे मासे आले. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या कॉडमधला फरक रेमीच्या आलेखात अंधूक होता. इथे तो लख्ख दिसत होता; रेमीचा निष्कर्ष आणखी पक्का झाला होता.

तिने प्रिंटच्या बटणावरचं बोट उचललं.

दार ढकलून रेमी आत आला. हातातल्या बशीत टाउटन होते, पावाच्या पिठाचे तळलेले वडे, वर मोलॅसिसची काकवी. त्याने एक तिच्यापुढे केला, पण स्वतः खाल्ला नाही. उत्तरेचे मासे फारच कमी दिसतात, म्हणाला, कुठेतरी घोळ आहे आणि तो सापडत नाही.

“व्हर्नांना सांगतो, बर्गनला तू जा. तसंही पहिल्या दिवसापासून तू माझ्याकडे असं बघतेस, जणू मी तुझं जेवण खाल्लंय.”

“खाल्लंच आहेस.”

तो हसला. तिला हसू आलं नाही. पडद्यावरची आलेखाची खिडकी मिटायला एक बटण पुरे होतं. तिने टाउटनचा घास घेतला आणि तो सावकाश चावला.

“हात पूस आधी,” ती म्हणाली. “कीबोर्ड चिकट होईल.”

आणि पडदा त्याला दिसावा म्हणून ती खुर्चीसकट बाजूला सरकली. अगदी थोडी.