बिनकाट्यांचं कुंपण

एकाहत्तर साली आम्ही कलकत्त्याच्या बेहाल्यात राहत होतो. बारा बैठी घरं आणि सगळ्यांभोवती छातीएवढ्या उंचीची एकच भिंत. ते दिवस नक्षलवादी चळवळीच्या धामधुमीचे होते. वसाहतीतल्या दोन घरांत परके लोक भिंतीवरून उडी मारून शिरले, तेव्हा समितीने ठरवलं की भिंतीच्या आतल्या बाजूने सगळीकडे घायपाताची झाडं लावायची. पानांची टोकं दाभणासारखी, कडांना करवतीचे दात. उडी मारणारा रक्तबंबाळ व्हायलाच हवा.

पहिलं रक्त निघालं ते माझ्या बाबांचं.

बाबांची नजर काचबिंदूने दोन वर्षांपूर्वीच गेली होती. रोज सकाळी ते मागच्या दारातून निघून, भिंतीला हात लावत फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. कुणाचा हात न धरता ते दिवसभरात तेवढंच करत. झाडं लागली त्या आठवड्यात त्यांचा तळहात फाटला. पुढच्या आठवड्यात पायातून निसटलेली चप्पल चाचपायला ते वाकले, आणि काटा डोळ्याच्या जरा खाली, गालात घुसला.

आई जखम पुसत असताना बाबा म्हणाले, "राहू दे, सुनीती. मी घरातच बसत जाईन."

"आज बसा," आई म्हणाली. "उद्यापासून नाही."

ती पहार घेऊन अंगणात गेली. आमच्या वाट्याची, मागच्या दारापासून फाटकापर्यंतची सहाही झाडं तिने उपटली, गोणपाटात बांधली आणि फरफटत समितीचे सचिव श्यामसुंदरबाबू यांच्या ओसरीवर नेऊन टाकली. आईचा जन्म कलकत्त्यातलाच, त्यामुळे ती भांडायचीही अस्सल बंगालीत.

"ही तुमची झाडं. मला नकोत."

"बौदी," ते म्हणाले; बंगालीत वहिनीला बौदी म्हणतात. "हा सगळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"त्या सगळ्यांत माझा नवरा येतो की नाही?"

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. शेजारी खिडक्यांतून बघत होते. घरी आल्यावर मी म्हणाले, "आई, कशाला वाकड्यात शिरतेस? त्यांना रिक्षाने फिरवून आणू की!"

"फिरवून आणायला ते काय सामान आहेत?" ती म्हणाली.

आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. घायपाताच्या कुळात बिनकाट्यांची झाडंही असतात हे तिला ठाऊक होतं. रविवारी ती मला घेऊन हावड्याच्या एका नर्सरीत गेली. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने एक रोप पुढे केलं. तसाच पानांचा झुबका, पण कडा गुळगुळीत आणि टोक मऊ. "पाणी नको, खत नको, हे मरत नाही," तो म्हणाला. आईने नुसत्या बोलण्यावर भरवसा ठेवला नाही. सगळ्या लोकांसमोर तिने गुडघे टेकले आणि एकेका रोपाचं प्रत्येक पान आपल्या गालावरून फिरवलं. मी लाजेने दुसरीकडे बघत उभी होते. तपासून तपासून तिने सहा रोपं निवडली.

ती लावल्यावर बाबा भिंतीजवळ गेले. प्रत्येक रोपापाशी थांबून त्यांनी पानं हाताळली. "ही जात बरी आहे," एवढंच म्हणाले, आणि फाटकापर्यंत जाऊन आले.

चार दिवसांनी सकाळी पाहिलं तर सहाही रोपं गटारात पडलेली. आईने ती बाहेर काढली, मुळं धुतली आणि होती तिथेच परत लावली. पुन्हा उपटली गेली, पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी मीही पहार धरली.

मग समितीची सभा झाली. श्यामसुंदरबाबू म्हणाले, "उद्या कुणी तुमच्या बाजूने आत शिरला, तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून देते. भीती मलाही वाटते, श्यामसुंदरबाबू. रात्री कडी लागली का ते मी तीनदा बघते. पण तुमच्या भीतीपायी मी माझ्या माणसाला घरात कोंडणार नाही."

मतदान झालं. अकरा विरुद्ध एक.

"ठराव लिहा," आई म्हणाली. "आणि त्याखाली हेही लिहा, की सुनीती बर्वे तो पाळणार नाहीत."

श्यामसुंदरबाबूंनी ते लिहिलं, तिने वाचून पाहिलं आणि सही केली.

त्यानंतर रोपांना कुणी हात लावला नाही. आमच्याशी कुणी बोलेनासंही झालं. त्या वर्षी दुर्गापूजेच्या मंडपात आईच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. ती ताठ बसून आरती संपेपर्यंत हलली नाही.

पावसाळा गेला, रोपं गुडघ्यापर्यंत आली. भिंतीवरून कुणी आलं नाही. माघात एका सकाळी बाबा फाटकापाशी पोचले, पण परत वळले नाहीत. त्यांनी कडी काढली आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे निघाले. मी धावणार तोच आईने माझा हात घट्ट धरला.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली.